मिल्लेचेंतो

मी त्या आजोबांशी खोटं बोलले. त्यांनी साधा प्रश्न विचारला होता, "मग ती गाडी आता कुठे आहे?" आणि मी क्षणभरही न थांबता उत्तर दिलं, "मुंबईला. आमच्या घरी." आजोबांचा चेहरा उजळला. हरवलेल्या नातलगाची खुशाली कळावी तसा त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. या गोष्टीला आज बारा दिवस झाले. ऑफिसात मेल लिहिताना, रात्री ओटा आवरताना तो चेहरा मधेच समोर येतो आणि पोटात कालवतं. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. मला त्यांच्याकडून काही मिळवायचं नव्हतं, ते पुन्हा कधी भेटतील असंही नव्हतं. तरी बोलले. आणि त्या खोट्याचा पुरावा माझ्या टेबलावर पांढऱ्या रुमालात गुंडाळून ठेवलेला आहे. तो टाकवत नाही आणि ठेववतही नाही.

इटलीतल्या पियाचेन्साला येऊन मला चार वर्षं झाली. इथे मालाची गोदामं मैलोन्मैल पसरलेली आहेत, त्यातल्याच एका कंपनीत मी काम करते. ऑफिसातल्या मैत्रिणीचा भाऊ जुन्या व्हेस्पाचा वेडा. तिने आग्रह केला, रविवारी कास्तेलार्क्वातोला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, चल. इकडे अशा मेळाव्याला 'रादुनो' म्हणतात. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात दर रविवारी एखादा असतोच. मला गाड्यांचं काही वेड नाही. पण गाव पाहायचं राहिलं होतं, आणि रविवार रिकामा होता.

कास्तेलार्क्वातो पियाचेन्सापासून तीसेक किलोमीटरवर, आर्दा नदीच्या काठी, टेकडीच्या अंगावर चढत गेलेलं गाव. खाली नवी वस्ती, आणि वर दगडी गल्ल्यांतून चढून गेलं की एकदम मोकळा चौक. चौकाच्या एका बाजूला चौदाव्या शतकातला विटांचा किल्ला, समोर 1293 सालचा पोदेस्ताचा, म्हणजे नगराधिकाऱ्याचा वाडा, आणि वाड्यापलीकडे 1122 साली ज्याची प्रतिष्ठापना झाली ते चर्च. पायांखालचे गोटे इतके गुळगुळीत झालेले की चप्पल घसरते. जूनचा महिना होता आणि वाटेवर लिंडनची झाडं फुलली होती. त्या फुलांना मधासारखा जड, गोड वास येतो. त्या वासात मधूनच जळक्या ऑइलचा वास मिसळत होता, आणि तळणाचाही. गावातल्या बायका एका मांडवात 'किझोलीनी' तळत होत्या. मैद्याची लाटी, चौकोनी कापलेली, कढईत टाकली की टम्म फुगते. इथले लोक ती डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्यांबरोबर खातात. मी नुसतीच खाल्ली, गरम, मीठ लावलेली. पुरीच ती. चार वर्षांत घरापासून लांब असल्याची जाणीव मला सणावारी झाली नसेल इतकी त्या पुरीच्या पहिल्या घासाला झाली. पुढे जे झालं त्याची सुरुवात बहुतेक तिथेच झाली असावी.

मोटरसायकली किल्ल्याच्या सावलीत रांगेने लावल्या होत्या. आधी त्यांच्यापाशीच रेंगाळले, कारण तिथे गर्दी कमी होती. लाल रंगाची एक मोतो गुत्सी फाल्कोने होती. तिचं इंजिन मी कधी पाहिलंच नव्हतं असं, पाचशे सीसीचं एकच सिलिंडर आणि तेही पुढच्या चाकाकडे तोंड करून आडवं पडलेलं. बाजूला ताटाएवढं फ्लायव्हील उघडं फिरतं. मालकाने ती चालू केली तेव्हा ठोके इतके संथ पडत होते की दोन ठोक्यांच्या मधे एखादा शब्द बोलून घ्यावा. धप. धप. धप. आवाज कानाआधी पायातल्या दगडांतून येत होता. टाकीवर पंख पसरलेला गरुड. तो का, असं विचारलं तर त्या माणसाने अंगावरचा कोट काढून मांडीवर ठेवला आणि निवांत सांगायला घेतलं. पहिल्या महायुद्धात तीन मित्र होते, गुत्सी, पारोदी आणि रावेल्ली. युद्ध संपलं की मिळून मोटरसायकली बनवायच्या असं त्यांचं ठरलं होतं. रावेल्ली वैमानिक होता, 1919 साली विमान कोसळून गेला. उरलेल्या दोघांनी 1921 साली कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो गावात कारखाना काढला, आणि वैमानिकांचा गरुड मित्राची आठवण म्हणून प्रत्येक गाडीवर लावला. शंभर वर्षांहून जास्त काळ झाला, गरुड अजून आहे. सांगताना त्या माणसाचा अंगठा गरुडावरून फिरत होता. तिथला रंग थोडा पुसटही झालेला दिसत होता.

पुढे व्हेस्पा. सगळ्यात जुनीचा दिवा हँडलवर नव्हता, पुढच्या मडगार्डवर होता. 1946 साली पहिली निघाली ती अशीच होती. युद्धात बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेला विमानांचा कारखाना, आता विमानं तर बनवायची नाहीत, मग लोकांना परवडेल असं काहीतरी बनवू, म्हणून पियाज्यो कंपनीने हे केलं. आराखडा करणारे दास्कानिओ मुळात विमानांचे इंजिनिअर, त्यांना मोटरसायकल आवडत नसे. कपडे तेलाने माखणार नाहीत, पाय न फाकता बसता येईल असं वाहन त्यांनी काढलं. पुण्यात आकुर्डीला 1960च्या दशकात हीच गाडी परवान्यावर बनायला लागली आणि पुढे तिचीच चेतक झाली. साडी नेसलेल्या, मांडीवर मूल घेतलेल्या किती बायका त्या इंजिनिअरच्या आवडीनिवडीमुळे मागे निर्धास्त बसू शकल्या, असं वाटून गेलं. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. आणि तिच्या शेजारी तीन चाकांची, 1948च्या घराण्यातली एक हिरवी 'आपे'. आपे म्हणजे मधमाशी. मागच्या हौद्यात चेरीच्या पेट्या भरलेल्या, एक बाई वजन करून विकत होती. बारामतीला याच कंपनीच्या ॲपे बनतात, आणि आमच्या राजापूर तालुक्यात डेपोपासून वाडीपर्यंत सगळं गाव त्यांतूनच ये-जा करतं. मी लहानपणापासून 'ॲपे' म्हणत आले, हा शब्द कुणाच्या भाषेतला याचा विचार मनात आला नव्हता. त्या चौकात मी परकी होते खरी, पण गाड्या ओळखीच्या निघत होत्या.

आणि मग पाठीमागून तो आवाज आला.

सेल्फचा आवाज. घरघर, घरघर, थोडं थांबून पुन्हा घरघर, मग इंजिनाने एक खोकला काढला आणि धरलं. चोक ओढलेला असतानाची ती वरची लय, आणि तिच्या खाली टिकटिक, टिकटिक. मी वळून पाहिलं नाही लगेच. वळायच्या आधीच मला कळलं होतं आणि घशात काहीतरी आलं होतं. मी परळच्या चाळीत पहिल्या मजल्यावर गोधडीत पडलेली होते, पहाटेचे पाच वाजले होते, खाली बाबांनी टॅक्सी चालू केली होती.

फियाट 1100 डी. पाटी काळी, आकडे पांढरे, आणि पीसी ही पियाचेन्साची अक्षरं. रंग पावसाळी आभाळासारखा निळसर करडा. आपल्याकडे ती काळी आणि टपावर पिवळी असायची, एवढाच काय तो फरक. तोच चौकोनी चेहरा, तोच पुढचा सरळ दांडा, दारांच्या पुढच्या कोपऱ्यात तीच तिकोनी काच. गाडीजवळ घडीच्या खुर्चीवर ऐंशीच्या पुढचे एक आजोबा बसले होते, आणि त्यांचा नातू शोभेल असा मुलगा आत बसून रेझ करत होता. मी टक लावून बघतेय हे पाहून ते म्हणाले, "मिल्लेचेंतो." म्हणजे अकराशे. त्या एका शब्दात ओळख करून दिल्याचा सूर होता, आपल्या बहिणीची करून द्यावी तसा. त्यांच्या वडिलांनी ती 1964 साली नवी घेतलेली. वडील गुरांचे डॉक्टर. टेकड्यांवरच्या गोठ्यांत रात्री-अपरात्री जावं लागे, म्हणून कर्ज काढून घेतली. त्याच वर्षी आमच्या कुर्ल्यात हेच मॉडेल बनायला लागलं होतं. पुढे तिचं नाव बदलून पद्मिनी झालं आणि चेहरा थोडाफार बदलला, पण अंगाने ती शेवटपर्यंत हीच राहिली. मी हे त्यांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. त्यांनी बायकोला हाक मारली, शेजारच्या दोघांना बोलावलं. भारतात ही गाडी टॅक्सी होती! या मुलीच्या वडिलांची टॅक्सी होती! मला म्हणाले, बसा, बसून बघा.

मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. ते दार ओढून लावलं की पत्र्याचा जो आवाज होतो तो मी शंभर आवाजांतून ओळखेन, तो पोकळ नसतो, त्यात शेवटी एक 'टक' असतं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यालाच. पुढची सीट अखंड, बाकासारखी. लहानपणी रात्री गाडी लावायला बाबा निघाले की मी त्या सीटवर त्यांच्या शेजारी गुडघे वर घेऊन बसायची, पाय गिअरच्या आड येऊ नयेत म्हणून. तिकोनी काच उघडली की वारा थेट तोंडावर येतो, तिची छोटी कडी बोटाने दाबून फिरवायची. माझ्या बोटाने ती बघायच्या आधीच फिरवली. आतला वास मात्र वेगळा होता. मेणाचा, स्वच्छ कापडाचा. आमच्या गाडीला उदबत्ती, रेक्झिन आणि दुसऱ्यांच्या घामाचा वास यायचा, आणि नंतर डिकीत सीएनजीचा सिलिंडर बसल्यावर आणखी एक उग्र, न सांगता येण्यासारखा. किलोमीटरचा काटा पाहिला. एकाहत्तर हजार. साठ वर्षांत.

बाबांनी बारा वर्षं दुसऱ्याची टॅक्सी शिफ्टवर चालवली आणि 1991 साली परमिटसकट एक जुनी गाडी घेतली, 1984चं मॉडेल. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. मी तेव्हा आठ वर्षांची. पेढे वाटले होते हे आठवतं, आणि आई खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारून काही न बोलता वर गेली हेही. ती गाडी रोज निदान शंभर किलोमीटर चालायची. माझी फी, भावाचं डिप्लोमाचं शिक्षण, आजीचं ऑपरेशन, गावच्या घराचा पत्रा, सगळं त्या गाडीच्या मीटरमधून पडलं. बॉनेटच्या डाव्या अंगाला बाहेर बसवलेला तो लोखंडी मीटर. भाडं बसलं की बाबा हात लांब करून तो खाली फिरवायचे आणि आत घंटीसारखं खणकन वाजायचं. सकाळी निघताना पहिल्या भाड्याचा तो खणखणाट चाळीखालीच ऐकू आला तर आई म्हणायची, आज दिवस बरा जाणार.

कोपऱ्यावरचं गॅरेज हे आमचं दुसरं घर होतं. रविवारी बाबा फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घेऊन टप्पेट लावायचे, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट नीट करायचे. मी टॉर्च धरायची. ते पट्टी दोन लोखंडांच्या फटीत सरकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, अशी जायला पाहिजे, लोण्यात सुरी गेल्यासारखी नाही, नव्या वहीतलं पान ओढल्यासारखी. हे वाक्य मी पुढे कुणाकडूनही ऐकलं नाही. त्यांना कुणी शिकवलं की त्यांचं त्यांना सुचलं, कोण जाणे.

बाराच्या सुमाराला चर्चमधून पाद्री बाहेर आले. पांढरा झगा, हातात पाण्याचं भांडं आणि पाणी शिंपडायची दांडी. चौकातल्या गाड्यांना आशीर्वाद द्यायची इथे पद्धत आहे. ते एकेका गाडीसमोर थांबत, दोन शब्द पुटपुटत आणि बॉनेटवर पाणी शिंपडत. लोक टोप्या काढून उभे. लाल जुलिएत्ता गाडीच्या मालकाने पाद्री पुढे सरकताच खिशातून मऊ फडकं काढलं आणि ते थेंब अलगद टिपून घेतले, रंगावर डाग राहू नये म्हणून. ते पाहून मला खंडेनवमी आठवली. बाबा पहाटे गाडी धुवायचे, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक. तो स्वस्तिक दिवाळीपर्यंत पुसायचा नाही असा त्यांचा नियम होता. उन्हाने तो उडत जायचा, गिऱ्हाईकांच्या सामानाला लागायचा, पावसाची उरलीसुरली सर आली की ओघळायचा. बॉनेटवर कायमची एक फिकट गुलाबी सावली राहिली होती. जुलिएत्ताच्या मालकाला मी नावं ठेवत नाही. त्याच्या फडक्यातही भक्तीच होती. पण दोन भक्तींची जात निराळी आहे आणि त्या दिवशी मला ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसलं.

जेवायला आजोबांनी मला आपल्या टेबलावर बसवून घेतलं. 'पिझारेई ए फाझो' होतं, शिळ्या पावाच्या चुऱ्याच्या छोट्या छोट्या गोळ्या आणि राजम्यासारख्या दाण्यांचा रस्सा. गरिबांचं जेवण होतं हे, आजी म्हणाल्या, आता पाहुण्यांना वाढतो. बोलता बोलता विषय कायद्यावर आला. इटलीत गाडी वीस वर्षांची झाली आणि तिच्या ऐतिहासिक मोलाचं प्रमाणपत्र मिळालं की रस्ताकर निम्मा होतो. तीस वर्षांची झाली की तो कर माफ. म्हणजे गाडीचं वय वाढतं तसा तिचा मान वाढतो. मी मान हलवत होते आणि मनात आकडे मांडत होते. मुंबईत 2008 साली टॅक्सीला पंचवीस वर्षांची मर्यादा आली, पुढे ती वीसवर आली. आमची 1984ची. 2009 साली तिचे दिवस भरले.

तो नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. मी त्या गाडीत बसलेली आहे. शेवटच्या दोन-तीन पावसाळ्यांत मागच्या सीटखालचा पत्रा इतका खाल्ला गेला होता की डबक्यातून गेलं की पाणी खालून पायावर यायचं, आणि बाबांनी तिथे जाड रबर अंथरलं होतं. सिग्नलला उभं राहिलं की शेजारच्या बसमधली बाई नाकाला पदर लावायची. हजारो गाड्या तशा चालू राहिल्या असत्या तर त्या हवेत आमचीच पोरं वाढली असती. हे सगळं मला पटतं. पण पटणं वेगळं. आपल्याकडेही 2021पासून पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. आमची गाडी 2034 साली पन्नाशीची झाली असती. पण तोवर ती ठेवायची कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं होतो. गाडी जपायला आधी जागा लागते, आणि एक असा रविवार लागतो ज्या दिवशी ती नाही चालली तरी चूल पेटते.

तिला न्यायची ती सकाळ मला पाठ आहे. मी तेव्हा नोकरीला लागले होते, सुट्टी घेतली होती. बाबांनी आदल्या रात्री तिची टाकी, चाकं सगळं तपासलं, जशी काही लांबच्या भाड्याला निघायची होती. मीटर काढून ठेवला, टपावरचं कॅरिअर एका दोस्ताला दिलं. मग आम्ही दोघं बसून तिला कुर्ल्याला घेऊन गेलो. जिथे तिचा जन्म झाला त्याच कुर्ल्यात, भंगाराच्या गल्लीत. बाबा वाटेत एकही शब्द बोलले नाहीत, फक्त सायनच्या उतारावर नेहमीप्रमाणे तिसऱ्यावर घेतली आणि म्हणाले, ब्रेक लागतात तरी अजून. गल्लीत चारही बाजूंना दारं, बॉनेटं, सीटांचे ढीग. पैसे मोजून घेतले, किल्ली दिली. निघताना बाबा परत वळले, दार उघडलं आणि तिकोनी काच बंद केली. उघडी राहिली होती. मला वाटतं त्यांच्या हातानेच ते केलं, मनाने नाही. आम्ही स्टेशनपर्यंत चालत आलो आणि लोकलने घरी गेलो.

तर अशी गोष्ट डोक्यात घेऊन मी त्या टेबलावर बसले होते. चौकातून गाड्या एकेक करून निघत होत्या, वेर्नास्काच्या घाटाची फेरी होती. त्या रस्त्यावर 1953 ते 1972 गाड्यांची चढण-शर्यत व्हायची. आजोबा तरुणपणी वळणावरच्या भिंतीवर बसून ती बघायचे. ते खुशीत होते, दोन पेले झाले होते, आणि त्यांनी विचारलं, मग ती गाडी आता कुठे आहे? समोर त्यांची गाडी उन्हात चकाकत होती. त्यांच्या मांडीवर एक वही होती, 1964पासूनच्या प्रत्येक ऑइलबदलाची नोंद तीत होती, पहिली पानं वडिलांच्या अक्षरात, पुढची त्यांच्या. त्या वहीसमोर मला 'भंगार' हा शब्द उच्चारता आला नाही. इटालियनमध्ये त्याला शब्द आहे, मला येतोही. जीभ वळली नाही.

"मुंबईला. आमच्या घरी."

आजोबा उठले. डिकी उघडून त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. जुन्या सुट्या भागांच्या बाजारांतून वर्षानुवर्षं वेचून आणलेल्या वस्तू त्यात होत्या, प्रत्येक कागदात गुंडाळलेली. त्यांनी एक पुडी सोडली आणि आतली वस्तू माझ्या तळहातावर ठेवली. अक्रोडाएवढी, तपकिरी बेकेलाइटची, माथ्यावर पितळेची एक पट्टी. रोटर. डिस्ट्रिब्यूटरच्या आत हा गरगर फिरतो आणि चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटतो. हा फुटला की गाडी जागच्या जागी बसते. "वडिलांना द्या," ते म्हणाले, "त्यांच्या गाडीला लागेल. माझ्याकडे अजून एक आहे. आता हे मिळत नाहीत." मी नको म्हणाले, दोनदा म्हणाले. त्यांनी माझी मूठ मिटली आणि वरून आपल्या हाताने दाबली. माझ्या मुठीत ती पट्टी रुतत होती.

बारा दिवस तो रोटर रुमालात होता. काल रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते आता डोंबिवलीला भावाकडे असतात, शहात्तर वर्षांचे आहेत, डावा गुडघा क्लचने खाल्ला असं सांगतात. आधी गाडीचे फोटो दाखवले. ते चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी नेऊन बघत राहिले. "नावाला अकराशे, पण तिकडची बाराशेची होती," ते म्हणाले, "आपलं इंजिन अकराशेचं." मग विचारलं, किती चाललीय? मी सांगितलं, एकाहत्तर हजार. बाबा गप्प झाले. "साठ वर्षांत?" मी हो म्हटलं. "आपली पाच-साडेपाच लाख चालली असेल माझ्या हातात. काटा तर कधीचा बंद पडला होता." आवाजात फुशारकी नव्हती. थोड्या वेळाने म्हणाले, "चांगली ठेवलीय त्याने. पण बिचारीने काही बघितलं नाही."

मग मी रोटर कॅमेऱ्यासमोर धरला. "रोटर," ते लगेच म्हणाले. "कुठून आणलास?" मी सगळं सांगितलं. खोटंही सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील किंवा जाऊ दे म्हणतील. ते काहीच बोलले नाहीत. मागे वहिनीच्या कुकरची शिट्टी झाली, एक, दोन.

"कशाला गं बोललीस तसं?" ते म्हणाले. "लाज वाटण्यासारखं काय होतं तिच्यात?"

मला उत्तर सुचलं नाही. लाज तिची नव्हती वाटली, बाबा. वहीची वाटली, आमच्याकडे तशी वही नव्हती त्याची वाटली, की तुम्ही परत वळून बंद केलेल्या त्या काचेबद्दल परक्या माणसाला सांगायची भीती वाटली, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी नुसती रोटरकडे बघत राहिले.

"त्याची गाडी चालती आहे," बाबा म्हणाले. "त्याला लागेल तो. परत देऊन ये. आणि काय ते सांगून टाक."

मी हो म्हटलं. मग आठवलं म्हणून त्या दिवशी मोबाइलवर घेतलेला इंजिनाचा आवाज त्यांना लावून दाखवला. मिनिटभराचा आहे, मधे कुणीतरी हसतं, चर्चची घंटा वाजते. बाबांनी डोळे मिटले. परत लाव म्हणाले. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा त्यांचा उजवा हात वर आला होता आणि अंगठा व तर्जनी एकमेकांवर घासत होती, मधे पट्टी असल्यासारखी.

"एक टप्पेट ढिलं आहे. ऐकू येतंय का तुला? सांग त्याला. कधी जातेस?"

"शनिवारी."

"सकाळी जा. टप्पेट गार इंजिनावर बघायचं असतं."